तुफानची शिकवणी

सन २००६. मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि कार्डिफमधल्या आमच्या घरात माझ्याविरुद्ध कट चालला होता.

हे मी पहिल्यांदा जेवताना बोलून दाखवलं तेव्हा आमचे चिरंजीव विलासराव (इथल्या दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळतात) म्हणाले, "आप्पा, तुम्हाला टीव्हीच्या रिमोटमध्येसुद्धा कट दिसतो." आता तुम्हीच सांगा, कटात सामील असलेला माणूस याहून वेगळं काय बोलेल? शिवाय रिमोटचं मी म्हणालो ते खरंच होतं. मी खुर्चीत बसलो की बरोबर त्याच वेळी बॅटऱ्या संपायच्या!

पण मूळ मुद्दा कुत्र्याचा.

आमच्या घरामागं लाकडी कुंपण, कुंपणापलीकडं एका शेतकऱ्याचं कुरण, आणि कुरणात ससे. किती ससे? डोळे मिटून धोंडा टाकला तर सशालाच लागेल इतके. त्यांनी माझी मेथी खाल्ली, कोथिंबीर खाल्ली. गवारीला दोन पानं फुटली ती मी रात्री बघून झोपलो, सकाळी नुसता देठ उभा! सूनबाई माधुरी म्हणाली, "जाऊ दे ना आप्पा, सुपरमार्केटमध्ये मिळते सगळी भाजी." पुण्याची मुलगी, तिला काय सांगणार!

आमच्या डाव्या हाताला ग्लिन राहायचा. जन्मभर कोळशाच्या खाणीत काम केलेला गडी, माझ्याच वयाचा. तो इंग्रजी बोलायचा वेल्श चालीवर आणि मी बोलायचो लातूरच्या चालीवर, त्यामुळं आमचं दोघांचं फार जमायचं. बाकी कुणाला आमच्यातलं एक अक्षर कळत नसे. (त्याचं बोलणं मी इथं मराठीत लिहितो आहे. त्यात काही कमीजास्त झालं असेल तर तो वाचणार नाही, काळजी नाही.) ग्लिनकडं लर्चर कुत्री होती. लर्चर म्हणजे ग्रेहाउंडचा आणि मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याचा संकर. लांब तोंड, पोट पाठीला लागलेलं, पाय काटक्यांसारखे. मी पहिल्यांदा बघितलं आणि कुंपणाला नाकच लावलं. ही तर आमची कारवानी!

आमच्याकडं लातूर भागात कारवानी कुत्री असतात. माझ्या वडलांनी पाळली होती. ससा दिसला की ती दिसायची बंद व्हायची, इतकी पळायची. शाळेत मी चौथीपर्यंतच गेलो (चौथीत दोनदा बसलो, म्हणजे तसं धरलं तर पाचवी झाली), पण कुत्र्याच्या विद्येत मला मॅट्रिक समजायला हरकत नाही. तसं मी ग्लिनला सांगितलं. चारदा सांगितलं. पाचव्यांदा सांगायला गेलो तेव्हा तो एक वर्षाचं तपकिरी पोर दोरीला धरून बाहेर आला.

"घे," तो म्हणाला. "उन्हाळाभर शिकव. ऑगस्टअखेर यानं ससा धरला तर हा तुझा. नाही धरला तर माझा भाऊ डेरेक घेऊन जाईल. तो वरच्या खोऱ्यात राहतो, त्याला ससे धरणारं कुत्रं पाहिजेच आहे. त्याच्या हाताखाली महिन्यात तयार होईल."

फुकट देणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो. मी कुत्र्याचे दात बघितले, कान बघितले, शेपूट उचलून बघितली. खोट सापडेना. संशय आणखी वाढला! पण त्या पोरानं माझ्या पायावर हनुवटी टेकली आणि वर बघितलं. झालं. मी म्हणालो, "याचं नाव तुफान."

एक खरं सांगतो. त्या घरात गरम हवेचं बटण विलासचं, स्वयंपाकघर माधुरीचं, देवघर माझ्या बायकोचं, कौसल्येचं. माझ्या शब्दानं हलणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे माझी खुर्ची, तीसुद्धा कुरकुर करायची. तुफान आला आणि मी "बस" म्हटल्यावर बसणारं कुणीतरी त्या देशात झालं. तो डेरेकच्या गाडीत बसून जाणार, हे माझ्यानं बघवलं नसतं. अर्थात हे मी कुणाला बोललो नाही. घरात सांगितलं, "ग्लिनवर उपकार करायलोय."

शिकवणी सुरू झाली. ग्लिनची पद्धत अशी, की सशाचं कातडं चिंध्यांवर गुंडाळायचं, दोरीला बांधायचं आणि कुत्र्यापुढून हळूहळू ओढायचं. मला ती पद्धत पटली, फक्त कातडं ग्लिनकडून मागायचं मला पटलं नाही. मॅट्रिकच्या माणसानं मागायला जायचं? मी घरात शोधलं. माधुरीच्या थंडीच्या कोटाच्या टोपीला मऊ मऊ केसाळ कड होती. उन्हाळ्यात कोटाचं काय काम? कापली!

काय सांगू तुम्हाला, तुफान त्या कडेवर असा तुटून पडला की मी दोरीसकट गुलाबाच्या झुडपात गेलो. आठ दिवसांत तयार! मी "छू!" म्हटलं की बाण! मग मला वाटलं, दोरीला काय चव आहे, खरा ससा कुठं सरळ पळतो? मी ती कड कमरेला मागं खोवली, गुडघ्यावर बसलो आणि हिरवळीवर उड्या मारत पळालो. तेवढ्यात माधुरी कामावरून आली. तिच्याबरोबर तिची ऑफिसातली मैत्रीण होती.

मैत्रीण म्हणाली, "तुमचे सासरे का?"

माधुरी म्हणाली, "हो. योगा करतात." आणि मग तिचं लक्ष माझ्या कमरेकडं गेलं. "आप्पा... ती माझ्या कोटाची..."

"कसर लागली होती," मी म्हणालो.

तुफानच्या विद्येत फक्त एक बारीक दोष राहिला. पुढच्या आठवड्यात तो न सांगता छू होऊ लागला आणि आळीतल्या केसाळ वस्तू घरी आणू लागला. एक टोपी. एक खेळण्यातलं अस्वल. कुणाच्या तरी मागच्या दारातल्या गुलाबी, लोकरीच्या सपाता. पहिल्यांदा डावी आणली, दुसऱ्या दिवशी उजवी. म्हणजे डोकं बघा!

पण खरा ससा? त्याला मी कुरणात नेलं (शेतकऱ्यानं ग्लिनला परवानगी दिलेली होती, तीच आम्हाला चालायची), ससा समोर दाखवला, म्हणालो, "छू!" तुफाननं सशाकडं बघितलं. सशानं तुफानकडं बघितलं. तुफाननं शेपूट हलवली आणि गवतात लोळण घेतली.

आणि इथंच मला पहिल्यांदा वास आला. वास म्हणजे अगदी वास! मी त्याचं तोंड हुंगलं. साजूक तूप!

कारवानी कुत्र्याला दुधात कुस्करलेली भाकरी तेवढी द्यायची, पोट हलकं ठेवायचं, हा वडलांचा नियम. मी तोच पाळत होतो. मग तूप कुठून? कुणीतरी चोरून माझ्या कुत्र्याचं पोट भरत होतं! भरल्या पोटी कोण पळेल? मी तरी पळतो का?

मी स्वयंपाकघरात गेलो. कौसल्या भाकरी थापत होती.

"तुपाच्या डब्याला कोण हात लावायलंय?"

"मांजर," ती म्हणाली.

"आपल्या घरात मांजर नाही."

"म्हणून तर सापडंना."

मला ते पटलं नाही, पण भाकरी गरम होती म्हणून पुढं बोललो नाही.

पहिला संशय विलासवर. डॉक्टरनं त्याला तूप बंद केलेलं. म्हणजे हा चोरून खात असणार आणि कुत्र्याला तोंड बंद ठेवायचा वाटा देत असणार! मी त्याला सरळ म्हणालो, "हात दाखव." त्यानं दाखवले. मी हुंगले.

"आप्पा, प्लीज! मला मीटिंगला जायचंय!"

हाताला साबणाचा वास. पुरावा धुतलेला! तरी ठोस काही हाती लागलं नाही.

दुसरा संशय माधुरीवर. कोटाचा सूड! ती तुफानला बिस्किट देताना एकदा सापडली होती. मी दोन दिवस फिरायला जातो म्हणून बाहेर पडलो आणि कचऱ्याच्या उंच डब्यामागं दबा धरून बसलो. माधुरीनं काही केलं नाही, पण समोरच्या घरातून विलासला ऑफिसात फोन गेला की तुमचे वडील कचऱ्यामागं बसलेले आहेत, त्यांना घरात घेत नाही का? संध्याकाळी विलास काही बोलला नाही. नुसता माझ्याकडं बघत राहिला. अपराधी माणसं अशीच गप्प असतात.

तिसरा आणि पक्का संशय ग्लिनवर. सरळ हिशेब होता: कुत्रं बिघडलं की ते त्याच्या भावाकडं जातं! मी कुंपणावरून हाक मारली.

"ग्लिन, तुझ्या घरात तूप आहे?"

"तूप म्हणजे काय?"

निष्पाप माणूस असंच विचारतो. आणि पक्का चोरही असंच विचारतो! मी त्याला दोन दिवस 'गुड मॉर्निंग' म्हणालो नाही. तिसऱ्या दिवशी तो टोमॅटो घेऊन आला. लाच!

शेवटी मी शहाण्या माणसासारखा बंदोबस्त केला. सकाळची शिकवणी माझी. दुपारी मला डुलकी लागते, तेव्हा कुत्र्याजवळ पहारा पाहिजे. घरात विश्वासाचं माणूस एकच.

"कौसल्ये," मी म्हणालो, "आजपासून दुपारी तुफानला नजरेआड होऊ द्यायचं नाही. जाशील तिथं त्याला संगं ने. कुणी काही खायला घालताना दिसलं की मला उठव."

"बरं," ती म्हणाली. "कुणी दिसलं तर उठवते."

आणि बघा, तिनं मला एकदाही उठवलं नाही! मी सगळ्यांना सांगितलं, चोर घाबरला.

ऑगस्ट संपत आला. ग्लिननं निरोप दिला की शनिवारी दुपारी डेरेक गाडी घेऊन येतोय, कुत्र्याची परीक्षा कुरणात होईल. दुसरा कुणी असता तर गुपचूप परीक्षा देऊन मोकळा झाला असता. मी आळीभर सांगत सुटलो! समोरचे, कोपऱ्यावरचे, सपातांवाल्या बाई, सगळ्यांना सांगितलं की शनिवारी या, हिंदुस्थानी पद्धत बघायला मिळेल. कौसल्येला म्हणालो, "मसाला वाटून ठेव. सशाचं कालवण."

ती म्हणाली, "ससा कुठाय?"

"तुफान आणतोय."

"मग तो आणल्यावर वाटते," ती म्हणाली. मला तिचा स्वर आवडला नाही, पण मी तो कानाआड केला. शुक्रवारी संध्याकाळी तुफान माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला होता आणि मला जेवण गेलं नव्हतं. घरात सांगितलं की पित्त झालंय.

शनिवारी कुरणाच्या कडेला ही गर्दी! डेरेक आला होता. रुंद मान, बारीक डोळे, हात खिशात. त्यानं तुफानचे पाय चाचपले आणि म्हणाला, "पाय चांगले आहेत." मी पट्टा आणखी घट्ट धरला. विलास आणि माधुरी कुंपणाला टेकून उभे होते. विलास पुटपुटला, "आप्पा, नाही जमलं तरी ठीक आहे हं." म्हणजे यालाही आधीच माहीत होतं! मी त्याच्याकडं नजर रोखून बघितलं.

हेजच्या, म्हणजे झाडांच्या कुंपणाच्या बुडाशी ससे निघाले. सगळ्यात पुढं एक गलेलठ्ठ ससा. इतका गलेलठ्ठ, की त्याचा मला वेगळाच संशय यायला हवा होता. मी तुफानच्या गळ्यातला पट्टा सोडला, वडलांचं नाव घेतलं आणि ओरडलो, "छूऽऽ!"

आणि तुफान सुटला!

काय सुटला! जमिनीला पाय लागत होते की नाही देव जाणे! ग्लिननं डोक्यावरची टोपी काढली. डेरेकचे हात खिशातून बाहेर आले. मी विलासचा दंड धरून हलवत होतो, "बघ! बघ! बापाला येडा म्हणायलास! बघ!" गलेलठ्ठ सशानं मान वर केली. पळाला नाही. भीतीनं गारठला असणार, मी सगळ्यांना सांगितलं. तुफान त्याच्या अगदी नाकाशी गेला, थांबला, आणि...

आणि शेजारी बसला.

ससा थोडा सरकला. जागा करून देतात तसा. दुसरा ससा आला, तिसरा आला. तुफाननं पुढचे पाय पसरले, त्यावर हनुवटी ठेवली. सगळे मिळून एका दिशेला, आमच्या घराच्या मागच्या फाटकाकडं, बघत बसले. एका ओळीत! लग्नात पंगत बसते तशी!

"कशाची वाट बघतायत?" डेरेकनं विचारलं.

फाटक उघडलं. कौसल्या बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात स्टीलची ताटली. एवढी गर्दी बघून ती जरा थबकली, पण वेळ झालेली होती आणि आमची कौसल्या कुणासाठी वेळ चुकवत नाही. तिनं ताटली वाजवली आणि गोड हाक मारली, "ये गं माय लक्षुमे, ये!"

हेजमधून आणखी ससे आले. डेरेकच्या बुटांवरून एक गेला! आणि कौसल्येनं तूप लावलेल्या भाकरीचे तुकडे वाढायला सुरुवात केली. पहिला तुकडा गलेलठ्ठ सशाला, दुसरा तुफानला, आणि मग पुढं ओळीनं. तुफान आपला तुकडा येईपर्यंत बसून होता. माझ्या 'बस'ला इतका कधी बसला नव्हता.

मी तिथपर्यंत कसा गेलो ते मला आठवत नाही.

"कौसल्ये! हे काय चालवलंयस?"

"गाईची भाकरी," ती म्हणाली. तव्यावरची पहिली भाकरी गाईची, हे आमच्या घरात माझ्या आजीच्या आधीपासूनचं. "आवो, हितं गाय कुठनं आणू? पलीकडच्या गाईंकडं गेले तर तारेला वीज! बोटं झिणझिणली. मग म्हटलं, चार पायांचा जीव हाय, गवत खातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. यास्नी वाढते. देवाला काय कळत नाय व्हय?"

"आणि माझं कुत्रं?"

"आधी तो आपणच माझ्या मागं यायचा. मग तुम्हीच म्हणालाव, जाशील तिथं संगं ने." ती तुकडे वाढतच होती. "तुम्ही सकाळी त्याला शिकवायलाव की यास्नी धर. मी दुपारी शिकवायले की ही आपलीच माणसं हायेत. त्याला माझी शिकवणी पटली, त्याला मी काय करू? आन् कुणी चोर दिसला असता तर उठवलंच असतं की तुम्हाला!"

म्हणजे कट खरा होता! सगळा खरा! संशय घेण्यात मी तसूभर चुकलो नव्हतो. फक्त चोराला मीच पहाऱ्यावर बसवलं होतं!

मागं हशा फुटला होता. सपातांवाल्या बाई कुंपण धरून खाली बसल्या होत्या. माधुरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विलास 'आप्पा' म्हणायचा प्रयत्न करत होता आणि त्याला 'आ'च्या पुढं जाता येत नव्हतं. मी मात्र डेरेककडं बघत होतो. तो तुफानकडं निघाला होता, आणि मी त्याच्या हातातल्या दोरीकडं बघत होतो. कारण अट ती अट. ससा काही धरला गेला नव्हता.

मी ताठ उभा राहिलो. म्हणालो, "घेऊन जा. भाकरी दुधात कुस्करून द्या. वरून पाणी घालू नका, त्याला आवडत नाही." मग मला डोळे पुसावे लागले. धूळ फार होती. (वेल्समध्ये ऑगस्टात धूळ! पण होती.)

डेरेक तुफानपुढं उभा राहिला. गलेलठ्ठ ससा तुफानच्या पोटाशी टेकून भाकरी खात होता. डेरेकनं बराच वेळ बघितलं.

"ग्लिन," तो म्हणाला, "मला ससे धरणारं कुत्रं पाहिजे. हा तर त्यांना घरी जेवायला बोलवील!"

"महिनाभर तुझ्याकडं राहिला तर..." ग्लिन म्हणाला.

"माझी बाकीची कुत्री बिघडवील," डेरेक म्हणाला. दोरी गुंडाळली, गाडीत बसला आणि परत फिरून बघितलंसुद्धा नाही.

ग्लिननं खांदे उडवले. "मग तूच ठेव याला. आणखी कोण घेणार?"

आख्ख्या वेल्समध्ये माझ्या कुत्र्याचा इतका अपमान कुणी केला नव्हता, आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता. पण तो दाखवायचा कसा? मी कपाळाला आठ्या घातल्या, सुस्कारा टाकला आणि म्हणालो, "आता गळ्यात पडलंच आहे, तर सांभाळावं लागेल." कौसल्या पदराआड हसली. ते मी बघितलं, आणि तिनं मला बघताना बघितलं.

त्या दिवशी मी कुणाशी बोललो नाही. जेवताना विलास दोनदा हसला आणि दोन्ही वेळा त्याला ठसका लागला असं सांगण्यात आलं. मी ठरवलं, कुत्र्याची विद्या सोडली. यापुढं या विषयावर तोंड उघडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात कोपऱ्यावरच्या घरातल्या एक बाई. एका हातात पिंजरा, त्यात पांढरा पाळीव ससा. दुसऱ्या हातात दोरी, आणि दोरीच्या टोकाला एक बुटकं, दातविचकं कुत्रं, जे त्या पिंजऱ्याकडं बघून लाळ गाळत होतं.

"काल मी कुरणात होते," बाई म्हणाल्या. "असं मी आयुष्यात बघितलं नाही. माझ्या या कुत्र्यालासुद्धा सशाबरोबर राहायला शिकवाल का? इतक्यांना विचारलं, सगळे म्हणतात अशक्य आहे. तुम्ही कसं हो जमवलंत?"

मी मागं वळून बघितलं. कौसल्या देवपूजेत होती. विलास अजून उठला नव्हता. मी दार हळूच ओढून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि बाईंना सांगितलं, "फार अवघड विद्या आहे. वडलांकडून आली. कुत्रं ठेवून जा."

आणि तिची पूजा आटोपल्यावर स्वयंपाकघरात जाऊन कौसल्येला विचारलं, दुपारी किती वाजता निघायचं.